बिअरच्या कारखान्यातले गणित

संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाची 'स्टुडंटच्या टी-चाचणी'शी गाठ पडतेच. हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डहून १८९९ साली ते डब्लिनच्या गिनेस कारखान्यात, म्हणजे चक्क बिअर गाळण्याच्या ठिकाणी, नोकरीला लागले.

कारखान्याला बार्ली हवी. चार-सहा वाफ्यांत एका वाणाचे पीक जरा जास्त आले, तर तो वाण सरस म्हणायचा की निव्वळ योगायोग? त्या काळचे गणित शेकड्यांनी नोंदी मागे. त्या शेतातून आणायच्या कुठून? गॉसेट १९०६ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे वर्षभरासाठी गेले आणि १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका'त त्यांचा निबंध आला. कारखाना नोकरांना स्वतःच्या नावाने शोध छापू देत नसे, म्हणून हे टोपणनाव.

त्यांची पडताळा घेण्याची रीत मला फार आवडते. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. सूत्राशी ते बऱ्यापैकी जुळले. संगणक नव्हता, चिकाटी होती!

त्याच निबंधात झोपेच्या दोन औषधांची, दहा रुग्णांची आकडेवारी आहे. दुसऱ्या औषधाने सरासरी १.५८ तास झोप जास्त. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात तीच घेतली. फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागले, टी आला ४.०६. दोन्ही औषधे सारखीच असती, तर एवढा टी योगायोगाने शंभरात एकदाही क्वचितच दिसता. हे झाले पी-मूल्य. यातले 'सारखीच असती, तर' हे शब्द लोक गिळून टाकतात आणि औषधे सारखी असण्याची शक्यताच एक टक्क्याहून कमी, असे सांगत सुटतात. ते साफ चूक.

विसात एक, म्हणजे ०.०५, ही फिशर यांनी सोयीची म्हणून सांगितलेली हद्द. पुढे तिचा परीक्षेसारखा निकाल झाला : ०.०४९ पास, ०.०५१ नापास! गॉसेट मात्र कारखान्याचे माणूस. फरक किती आणि त्यातून पदरात काय पडणार, हे ते आधी बघत. १९३७ साली ते वारले. पी-मूल्यावरून गृहीतक खरे असण्याची शक्यता कळत नाही आणि परिणाम किती मोठा हेही कळत नाही, असे निवेदन अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला अखेर २०१६ मध्ये काढावे लागले.