गोठलेले भाडे

सीमाभागातल्या जुन्या वाड्यांत घरमालक आणि भाडेकरू यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांचे मूळ शोधायचे तर १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापाशी जावे लागते. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः 'प्रमाण भाडे' ठरले. मालकाला ते मनास येईल तसे वाढवता येईना. मात्र नगरपालिकेचे कर वाढले, तर तेवढी वाढ भाडेकरूकडून घेण्याची मुभा होती. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणण्यास मनाई होती.

१९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६१ च्या म्हैसूरच्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. तिकडे मुंबईत भाडे तिथेच गोठून राहिले. भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर वाचले खरे, पण त्या भाड्यात छपराची डागडुजी मालकाला परवडेना. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी ठरवले आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढ मान्य केली.

कायद्याला भाडे थोपवता आले, भिंतीत मुरणारे पाणी मात्र थोपवता आले नाही. आणि पडकी भिंत मालक-भाडेकरू असा भेद करीत नाही.