सीताफळाचीं चौदा सूत्रें

खुलताबादेचें नांव निघालें कीं औरंगजेबाची साधी कबर आणि भद्रा मारुतीचें देऊळ डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु तेथल्या डोंगरउतारांवर शरदांत पिकणाऱ्या सीताफळांतहि एक इतिहास दडलेला आहे. बोराहून लहान असलेलें फळ मुठीएवढें होतें तें कशानें? त्याच्या पेशी आधीं एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढतात आणि मग फुगतात.

आज हें शाळकरी मुलगाहि सांगेल. पण एके काळीं थोर पंडितहि येथें चांचपडत होते. १८३८-३९ मध्यें पेशीवाद मांडणाऱ्या श्लायडेन आणि श्वान यांना वाटे कीं, पाकांतून खडीसाखर जमावी तशी नवी पेशी द्रवांतून जमते. रेमाक यानें हा समज खोडून काढला, आणि पेशीपासूनच पेशी उपजते हें सूत्र १८५५ पासून फिरखो यानें रूढ केलें.

पण ती उपजते कशी? कील येथील वाल्थर फ्लेमिंग यानें सॅलॅमँडर नांवाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या पिलांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळल्या. केंद्रकांतील सूत्रें आंखूड व जाड होत, मध्यावर ओळीनें येत. मग प्रत्येक सूत्र उभें चिरलें जाऊन त्याचे दोन भाग दोन टोकांकडे जात. १८८२ मध्यें त्यानें हा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. रंग धरतात म्हणून तीं रंगसूत्रें. आज त्यांस गुणसूत्रें म्हणतात.

सीताफळाच्या पेशींत हीं सूत्रें चौदा. विभागणीपूर्वीं प्रत्येकाची हुबेहूब प्रत तयार होते. म्हणून दोन्ही कन्यापेशींच्या पदरीं सात-सात न येतां चौदा-चौदा येतात. वांटणी होऊनहि कोणाचा वांटा घटत नाहीं!

पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं तेथील शेतकी महाविद्यालयांत एम्. एस्सी.साठीं सीताफळाच्याच कुळाचें पेशीविज्ञान अभ्यासिलें. पुढें मुंबईस डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं त्या कर्करोगाच्या संशोधनाकडे वळल्या आणि १९४९ मध्यें डॉक्टर झाल्या. फळाकडून रोगाकडे हें अंतर लांबचें वाटतें. पण वाट एकच आहे. सीताफळ मुठीएवढें झालें कीं त्याची वाढ थांबते. कर्करोगाच्या पेशीला मात्र विभागणें ठाऊक असतें, थांबणें ठाऊक नसतें. वाढीइतकेंच थांबण्याचें रहस्यहि जीवनाला आवश्यक आहे, आणि त्याचा शोध अजून चालूच आहे.