औंढ्याचं देऊळ खरंच फिरलं होतं का?

आज आपण जाऊया हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं ते हेच, का गुजरातेतलं द्वारकेजवळचं, का उत्तराखंडातलं जागेश्वर, हा वाद जुना आहे. आज त्यात शिरत नाही. आज फक्त देऊळ बघायचं.

गेलात तर आधी थोडं लांब उभं राहा. खालचा भाग काळ्या दगडाचा, मूर्तींनी खच्चून भरलेला. वरचं शिखर मात्र पांढरं, गुळगुळीत. बघताक्षणी कळतं की हे एका काळाचं काम नाही. खालचं तेराव्या शतकातलं, देवगिरीच्या यादवांच्या काळातलं. वरचं विटा-चुन्याचं, बरंच नंतरचं. मूळ देऊळ सात मजली होतं, औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं आणि अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलं, असं गावात सांगतात. मजले किती होते ते सोडा, पण काळा दगड संपून पांढरा चुना सुरू होतो ती रेघ लपत नाही. कुणी ती लपवायचा प्रयत्नही केलेला नाही, आणि मला तेच आवडतं.

आता ‘हेमाडपंती’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की लगेच हेमाडपंती! हेमाद्री पंडित खरा माणूस होता, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मोठा अधिकारी. पण अंबरनाथचं शिवमंदिर बघा. तिथल्या शिलालेखात १०६० साल येतं, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी. पद्धत जुनी, नाव नंतर चिकटलं. असो.

पद्धत काय होती? दोन दगडांच्या मध्ये चुना नाही. एकाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि बाकी सगळं काम वजनाचं. वरचा दगड खालच्याला दाबून धरतो. छताची युक्ती तर भारीच. चार तुळयांचा चौकोन, त्याच्या कोपऱ्यांवर आडवे दगड टाकायचे की मधली मोकळी जागा लहान होते. पुन्हा कोपरे, पुन्हा दगड. शेवटी एका शिळेने तोंड बंद! बाहेरच्या भिंती सरळ नाहीत, कोनाकोनाने मोडत जातात. त्यामुळे ऊन-सावली दिवसभर सरकते आणि मूर्ती उठून दिसतात. नटराज शोधा, अर्धनारीश्वर शोधा, कैलास उचलणारा रावण शोधा. घाई करू नका.

गाभारा खाली आहे, तळघरासारखा. अरुंद पायऱ्यांवरून जपून, वाकून उतरावं लागतं. खाली जागा इतकी कमी की चार माणसं आली तरी गर्दी वाटते.

आणि नंदी? तो देवळाच्या मागे आहे. का, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: देऊळ फिरलं म्हणून. संत नामदेव इथे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं, तुम्ही मागे जा म्हणाले. नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देवळानेच तोंड त्यांच्याकडे वळवलं. नंदी होता तिथेच राहिला.

दगडाचं एवढं मोठं ओझं पाया सोडून फिरत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण म्हणून गोष्ट बाजूला टाकू नका. नामदेवांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्यांतल्या एका पदात ते स्वतः हाच प्रसंग सांगतात. भक्ती करत असताना आपल्याला धरून बाहेर काढलं, कारण आपण शिंप्याच्या जातीचे. मग आपण कांबळं घेऊन देवळामागे जाऊन बसलो आणि देऊळ भक्ताकडे वळलं. पदात औंढ्याचं नाव नाही, ते लोकांनी जोडलं. पण हाकलून दिल्याचं दुःख कुणी नंतर रचलेलं नाही. ते ज्याला हाकललं त्याच्या नावाच्या पदात आहे. आपण चमत्कार रंगवून सांगतो आणि त्याआधीचं वाक्य, ‘जातीमुळे उठवलं’ हे, भराभर उरकतो. मुख्य बातमी तर तीच होती ना?

याच औंढ्यात नामदेवांना गुरू भेटले, विसोबा खेचर. पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव चिडले, तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. ठेवतील तिथे पिंड दिसू लागली, अशी कथा आहे.

औंढा पाहून झालं की नरसीलाही जा. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं ते गाव याच जिल्ह्यात आहे, आणि तिथे पंजाबातून आलेले शीख भाविक तुम्हाला भेटतील. त्यांना देऊळ फिरल्याची गोष्ट विचारा. बहुतेकांना ती तुमच्याआधीपासून माहीत असेल.