ग्रंथातली मान आणि माणसाची मान

मान एका बाजूस वळवली म्हणजे कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा एक जाड दोर उठून दिसतो. हा मानेचा सर्वांत ठळक स्नायू. खाली त्याला दोन मुळे असतात, एक छातीच्या हाडावर व दुसरे हासळीवर, असे पाठ्यपुस्तक सांगते. प्रत्यक्षात काही माणसांत तीन किंवा त्याहून अधिक मुळे आढळतात. ग्रंथातला देह आणि समोरचा देह यांत असा फरक असू शकतो, हे मान्य करावयास वैद्यकाला शतकानुशतके लागली.

प्राचीन रोममध्ये मनुष्याच्या प्रेताची चिरफाड होत नसे. त्यामुळे दुसऱ्या शतकातील थोर वैद्य गॅलेन याने उत्तर आफ्रिकेतील माकडे व इतर प्राणी कापून ज्ञान मिळविले. त्याची नजर विलक्षण तीक्ष्ण होती. मानेच्या कातडीखाली पसरलेल्या पातळ स्नायूचे वर्णन त्यानेच केले. दोष असेल तर तो त्याच्यामागून आलेल्यांचा. त्यांनी त्याचा शब्द हाच पुरावा मानला.

बगदादचा अब्दुल लतीफ (११६२-१२३१) मात्र वेगळ्या वृत्तीचा. इ. स. १२०० ते १२०२ या काळात तो इजिप्तमध्ये होता. नाईलला पूर आला नाही, भीषण दुष्काळ पडला, माणसे पटापट मेली. कैरोजवळ अल-मक्स येथे प्रेतांचा ढीग साचला होता. ते दृश्य पाहून कोणीही पाठ फिरवली असती. अब्दुल लतीफ तेथे जाऊन हाडे निरखू लागला. खालचा जबडा दोन हाडांचा बनलेला असतो, असे गॅलेन लिहून गेला होता. अब्दुल लतीफने व त्याच्या सोबत्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. सांधा एकीतही नव्हता. गॅलेनविषयी त्याला पूर्ण आदर होता, तरी डोळ्यांची साक्ष अधिक खरी, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तांत स्पष्ट नोंदविले. पण हाडे टिकतात, मांस टिकत नाही. मानेच्या स्नायूंचा प्रश्न तसाच राहिला.

पुढे १५४३ मध्ये व्हेसेलियसने आपला मोठा ग्रंथ छापला आणि गॅलेनने माणूस नव्हे, माकड वर्णिले आहे, असे दाखवून दिले. त्याचे पॅरिसचे गुरुजी सिल्व्हियस इतके संतापले की, गॅलेन चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसाचा देहच बदलला असावा, असे म्हणू लागले! गुरुभक्ती म्हणावी ती ही.

गंमत अशी की, माकड आणि माणूस यांच्यामधली रेषाही वाटली तितकी सरळ निघाली नाही. १८६७-६८ च्या हिवाळ्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन वुड यांनी ३६ प्रेते तपासली आणि स्नायूंचे ५५८ फरक नोंदविले. पुस्तकाशी तंतोतंत जुळणारा देह त्यांत एकही नव्हता. मानेच्या वरच्या मणक्यांपासून हासळीपर्यंत जाणारा एक स्नायू वानरांत नेहमीचाच. डार्विनने १८७१ मध्ये नमूद केले की, तो साठांपैकी एका माणसातही सापडतो, असे म्हणतात. आजच्या नोंदींप्रमाणे हे प्रमाण शेकडा एक ते तीन आहे.

अशा माणसाला त्याचा उपद्रव काही नसतो. मात्र मानेच्या स्कॅनमध्ये हा जादा स्नायू वाढलेल्या गाठीसारखा दिसू शकतो. म्हणून तपासणारा डॉक्टर तो गोळा वरच्या व खालच्या चित्रांतून मागे-पुढे पाहत जातो; मणक्यापासून हासळीपर्यंत सलग पट्टा लागला, तर ती गाठ नव्हे.