जखमेमागचा प्रश्न

स्वतःच्याच देहाला इजा करणारा रुग्ण वैद्याला बुचकळ्यांत टाकतो. येथें मारणारा आणि सोसणारा एकच. मग त्याचा हात धरून ठेवावा, हाच उपाय प्रथम सुचतो.

१९३८ सालीं अमेरिकेंतील मनोवैद्य कार्ल मेनिंजर यांनीं ‘मॅन अगेन्स्ट हिमसेल्फ’ या ग्रंथांत निराळा विचार मांडला. अशी इजा हा पुष्कळदां आत्मनाश टाळण्यासाठीं मनानें केलेला सौदा असतो. अंश देऊन सर्वस्व राखावें, तसा. विचार मार्मिक खरा. पण रुग्णाच्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेनें करावें काय, हें त्यांतून उमगत नव्हतें.

याचा प्रत्यय १९६१ सालीं येतो. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथें ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या रुग्णालयांत मार्शा लिनहान ही सतरा वर्षांची मुलगी दाखल झाली. निदान झालें स्किझोफ्रेनियाचें. औषधें झालीं, विजेचे झटके झाले, एकांतकोठडी झाली. इजेचीं साधनें काढून घेतलीं. वेदना मात्र आंतच राहिली, आणि कोठडींतहि इजा थांबली नाहीं. १९६३ सालीं ती बाहेर पडली.

पुढें हीच मुलगी मानसशास्त्रज्ञ झाली व सिएटल येथें अशाच रुग्णांवर उपचार करूं लागली. केवळ ‘वागणें बदला’ म्हटलें, तर रुग्णांना तो दोषारोप वाटे. केवळ सहानुभूति दाखविली, तर दुःख जागच्या जागीं राही. लिनहानबाईंनीं दोन्हींची सांगड घातली. त्या दिवशीं सकाळपासून काय घडलें, कोण काय बोललें, कोणता क्षण असह्य झाला, ही सांखळी रुग्णाबरोबर बसून कडीकडीनें उलगडावयाची. आणि पुढच्या वेळीं कोणती कडी तोडतां येईल, तें शिकवावयाचें. आठवड्याला एक भेट, एक वर्ग, आणि अडीअडचणीला टेलिफोन. मला यांतील टेलिफोनचें विशेष वाटतें. असह्य क्षण कांहीं भेटीची वेळ पाहून येत नाहीं.

१९९१ सालीं एका वर्षाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजेचे प्रसंग घटले, उपचार सोडून जाणारे रुग्ण कमी झाले, रुग्णालयांतील दिवस कमी झाले. खिन्नता व निराशा मात्र इतर उपचारांपेक्षां अधिक ओसरली नव्हती. आणि हेंहि त्यांनीं नमूद केलें.

२०११ सालीं हार्टफर्डच्या त्याच रुग्णालयांत जमलेल्या मंडळींपुढें लिनहानबाईंनीं आपली हकीकत प्रथमच उघडपणें सांगितली. त्याआधीं एका रुग्ण स्त्रीनें त्यांच्या हातांवरील व्रण पाहून, तुम्ही आमच्यांतल्याच का, असें त्यांना विचारलें होतें.