शुगर असलेल्या वयस्कर माणसाच्या पायाची जखम: घरी काय पाहावे, दवाखान्यात कधी न्यावे

जुनी शुगर असलेल्या माणसाच्या पायात काटा मोडतो, चप्पल चावते. पण दुखत नाही म्हणून तो कुणाला सांगत नाही. घरच्यांना कळते ते जखमेला वास यायला लागल्यावर. अशा पायाच्या बाबतीत 'दुखत नाही' हीच धोक्याची खूण समजा.

असे का होते?
बरीच वर्षे शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाला रक्त कमी पोचते, त्यामुळे जखम भरत नाही. जंतूंशी लढायची ताकदही घटते. मग साधा फोडसुद्धा हाडापर्यंत जाऊ शकतो. विडी-तंबाखूने हे आणखी वाढते.

रोज रात्री पाय पाहा
म्हाताऱ्या माणसाला कमी दिसते, वाकताही येत नाही. म्हणून घरातल्या कुणीतरी मोबाईलच्या टॉर्चने तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाय साध्या पाण्याने धुवा, बेचक्या कोरड्या करा. भेगांना खोबरेल तेल लावा, पण बेचक्यांत नको. नखे सरळ कापा. चप्पल घालण्याआधी आत खडा-काटा नाही ना, हे हाताने चाचपून बघा.

हे करू नका
- बिब्बा, चुना किंवा शेण लावू नका.
- गरम पाण्याचा किंवा विटेचा शेक देऊ नका. पाय भाजला तरी कळत नाही.
- कुरूप ब्लेडने कापू नका.
- शेतात, उन्हात, देवळाच्या वाटेवर अनवाणी चालू नका.

त्याच दिवशी दवाखाना गाठा
जखम लहान असली तरी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे कापड बांधा आणि डॉक्टरांना दाखवा. पू, दुर्गंधी, काळे पडलेले बोट, वर चढणारी लाली-सूज, थंडीताप यांपैकी काही असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. जखम नसतानाही एक पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल तर त्यावर भार न देता डॉक्टरांकडे न्या. आतले हाड खचत असू शकते.

उपचार काय होतात?
डॉक्टर मेलेले मांस काढून ड्रेसिंग करतात. जंतुसंसर्ग असेल तर अँटिबायोटिक देतात. हाड पाहण्यासाठी एक्स-रे आणि रक्तपुरवठा पाहण्यासाठी डॉपलर तपासणी लागू शकते. शुगर ताब्यात आणायला काही दिवस इन्सुलिन घ्यावे लागू शकते. ते कायमचे लागेलच असे नाही. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे जखमेवर भार नको. ड्रेसिंग करून पुन्हा शेतावर चालत गेले तर जखम भरत नाही. जखम भरल्यावर मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरावी.

शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी करून घ्यावी. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बधिरपणा ओळखता येतो. त्याला काही मिनिटेच लागतात. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.