पानाचा मालक कोण?

1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेतून जे वेब जगापुढे ठेवले, त्यात होते काय? मजकूर आणि एका मजकुरातून दुसऱ्याकडे नेणारे दुवे. पान यायचे ते वाचले जाण्यासाठी.

1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच जावास्क्रिप्ट. आता पानाबरोबर आज्ञाही येऊ लागल्या आणि त्या वाचकाच्या यंत्रावर चालू लागल्या. पाहुण्याने ओसरीवर बसून बोलावे, हे ठीक. पण तो उठून चूल पेटवू लागला, तर यजमानाला विचारायला नको काय? म्हणून ब्राउझरांनी स्क्रिप्ट बंद करण्याची सोय ठेवली. कोणी सुरक्षिततेसाठी, तर कोणी पाळत चुकवण्यासाठी ती वापरली. 1997 च्या एचटीएमएल 4 मध्ये अशा वाचकासाठी ‘नोस्क्रिप्ट’ ही खूण आली. परंतु पुष्कळांनी तिच्या आधारे ‘स्क्रिप्ट सुरू करा’ एवढा हुकूमच सोडला!

2003 साली अमेरिकेत ऑस्टिन येथील परिषदेत एक वेगळा क्रम मांडला गेला. आधी साध्या एचटीएमएलमध्ये मजकूर व अर्ज, मग सीएसएसचा पेहराव, स्क्रिप्ट शेवटी. अर्जातील चूक स्क्रिप्टने चटकन दाखवावी. पण ती नसली तरी अर्ज पोचावा आणि सर्व्हरवर तपासला जावा.

हा खटाटोप मूठभर हट्टी लोकांसाठी काय? 2013 साली ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने मोजणी केली. 1.1 टक्के लोकांना स्क्रिप्टचा लाभ मिळत नव्हता. त्यांपैकी स्क्रिप्ट बंद केलेले किंवा ती न चालणारे ब्राउझर वापरणारे अवघे 0.2 टक्के होते. उरलेल्या 0.9 टक्क्यांचे ब्राउझर समर्थ होते, तरीही स्क्रिप्ट चाललीच नाही. तुटके जाळे, अर्धवट उतरलेले पान अशा अडचणी कोणावरही येतात. हट्टी माणसासाठी ठेवलेली वाट अशी अडलेल्याच्या उपयोगी पडते.

हलता नकाशा किंवा चित्र काढण्याचे साधन स्क्रिप्टवाचून चालणार नाही, हे मान्य. पण सरकारी अर्ज, गाडीचे वेळापत्रक, औषधाची माहिती? तेथे कोरे पान दाखवणे म्हणजे नागरिकाला दारातून परत पाठवणे होय. साधन निवडणाऱ्याने आधी विचारावे : हे न चालले, तर माणसाच्या हाती काय उरते?